बाजूनं बघितलं तरी

मुक्ताबाईनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या म्हाताऱ्याचं कपाळ पुसलं. एकदा पुसलं, जोर लावून पुन्हा पुसलं. डाग हलला नाही.

"आत्या, तो डाग फोटोत नाय," माऊसवरचा हात न उचलता मेघा म्हणाली. "स्क्रीनमधी हाय. किती येळा सांगू?"

"मंग परवाच्या त्या बाईच्या कपाळावरबी ह्योच व्हता का?"

"ह्योच."

"आन् टँकरखाली गेल्याल्या त्या पोराच्या?"

"त्याच्याबी."

मुक्ताबाईनं पदर खांद्यावर टाकला आणि सुनेच्या मागच्या खाटेवर जाऊन बसली.

"जयभीमवाल्यालाबी टिळा लावतंय तुझं खोकं," ती म्हणाली. "कुणाला सोडत नाय."

मेघा हसली, पण तिचं हसू पडद्यापर्यंत पोहोचायच्या आतच विझलं. म्हाताऱ्याच्या गालांवर तिला निळसर छटा आहे की नाही, ते कळत नव्हतं. तासभर ती त्याच गालांवर होती.

पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत मेघा सकाळी एका कारखान्याची बिलं टाइप करी आणि दुपारून फोटो. लग्नाचे अल्बम असत. पण खरं काम मेलेल्यांचं. रेशनकार्डावरचा नखाएवढा चेहरा, नाहीतर कुणाच्या तरी हळदीत मागच्या रांगेत चुकून आलेला म्हातारा, असं काहीही घेऊन लोक यायचे. मेघा त्या माणसाला गर्दीतून कापून काढी, मिटलेले डोळे उघडी, मागं आभाळ लावी आणि खाली नाव टाकी, नावाच्या आधी 'कालकथित'. मुक्ताबाई मागून प्रत्येकाची हजेरी घेई.

"ह्याला कोट कामून घातला? जन्मात बंडीबिगर काय घातलं नसंल ह्यानं."

"घरच्यांनी सांगितलं, आत्या."

"घरच्यांनी जित्तेपणी शिवायचा व्हता."

मेघा चहा ठेवायला आत गेली की मुक्ताबाई त्या माणसासमोर एकटीच उरायची. पडदा तसाच उजळलेला. अनोळखी डोळे तिच्याकडे बघत, आणि मधोमध तो काळसर ठिपका. बोलताना ती त्याला डाग म्हणत असली, तरी एकटी असताना तिला दुसरंच वाटे. आतल्या बाजूनं कुणीतरी काचेवर बोट टेकवून उभं आहे. बोट काढायला तयार नाही.

गेल्या आठवड्यात दौलताबादचा धोंडिबा बापाचा फोटो परत घेऊन आला होता. फ्रेम काखेत, चेहरा पडलेला.

"ताई, माझा बाप काळा व्हता," तो म्हणाला. "निळा नव्हता."

चूक कशात होती, ते मेघाला तेव्हाच कळलं. जुना स्क्रीन वयानं पिवळा पडला होता. त्याच्यावर माणसं पिवळी दिसत, म्हणून ती पिवळं कमी करी, आणि लॅबमधून छापून येताना माणसं निळी होऊन येत. अल्बम देणाऱ्या दोघा फोटोग्राफरांनी नवऱ्या निळ्या आल्या म्हणून काम दुसरीकडे वळवलंही होतं. तिसरा वळवायच्या बेतात होता. डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही अशा कामाला किती दिवस लोक येणार, हे मेघा कुणाला बोलून दाखवत नव्हती. फक्त प्रत्येक गालावर जास्त वेळ थांबत होती.

नवीन काहीतरी घ्यायला हवं होतं, आणि मुक्ताबाईच्या गाठीला होतं त्यात एकच वस्तू येत होती. चांगला स्क्रीन, नाहीतर मशीनमध्ये बसवायचं ग्राफिक कार्ड. मेघाचा नवरा संघपाल चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीवर निघताना उंबऱ्यातच बोलून गेला होता.

"कार्डच घ्या. कार्ड असलं की पुसट झाल्याला चेहराबी मशीन सोताहून काढतंय. आई, अक्काचा निघंल."

ग्राफिक कार्ड म्हणजे काय हे मुक्ताबाईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारून तिनं स्वतःची किंमतही कमी करून घेतली नव्हती. पण शेवटचे तीन शब्द तिनं ऐकले होते. मेघानंही ऐकले होते, म्हणून स्क्रीनचं नाव तिनं काढलं नाही.

भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली कडुबाचा फोटो होता, मेघानंच केलेला. नवऱ्याचा फोटो लावायला खिळा ठोकला तेव्हा मुक्ताबाईनं शेजारी दुसरा खिळाही ठोकून घेतला होता. वर्ष झालं, तो रिकामाच होता. तो सरिताचा होता.

सरिता तिची पहिली. दुसरीत गेली आणि तापानं गेली. संघपाल तिच्यानंतर पुष्कळ वर्षांनी झाला. तिचा म्हणून एकच फोटो होता, चिकलठाण्याच्या शाळेतला, अख्ख्या वर्गाचा. त्या दिवसाची गोष्ट मुक्ताबाई इतक्या वेळा सांगत आली होती की मेघाला ती पाठ होती. शाळेची नवी खोली बांधत होते आणि मुक्ताबाई तिथंच घमेली वाहत होती. 'मी परांचीवर. खाली फोटोवाला काळं फडकं डोक्यावर घेतोय का काय करतोय. बघते तर आमची म्हाराणी पोक काढून बसलेली. वरूनच वरडले, सरे, ताठ बस! सगळी शाळा हासली.' हे सांगताना ती स्वतःही हसे, आणि हसून झाल्यावर उठून उगाच काहीतरी हलवाहलव करी.

फोटो धुऊन आला तोवर पोर गेलेली होती. शाळेच्या बाई तो घेऊन घरी आल्या. दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या मुलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बघा तुमची सरिता." मुक्ताबाईला तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. बाईंचं बोट होतं तिथं तिनं आपला अंगठा ठेवला. शिकलेल्या बाईनं दाखवलं, म्हणजे तीच. पुढं कधीही फोटो हातात आला की अंगठा तिथंच जाऊन बसायचा. इतकी वर्षं बसला की दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या मुलीच्या खांद्यांवर आता चेहरा उरला नव्हता. कागदाचा पांढुरका गर तेवढा दिसत होता.

---

नळाचा दिवस नव्हता, म्हणून दोघींना दुपारी निघता आलं. मेघानं पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. उस्मानपुऱ्यातल्या दुकानाच्या पायऱ्या मुक्ताबाई कठड्याला हात न लावता चढली.

"या आजी, बसा. पाणी आण रे," दुकानदार म्हणाला. सोमनाथ त्याचं नाव. मेघाच्या जुन्या मशीनची दुरुस्ती तोच करायचा.

"आजी कुणाची? तुझ्या मिशा माझ्या लेकापेक्षा पिकल्यात."

"चुकलं मावशी. बोला, काय दाखवू?"

"तुझं ते कार्ड. पण आधी चेहरा काढून दाखवायचा. मंग पैशाचं बोलू."

सोमनाथला असं गिऱ्हाईक आवडायचं. त्यानं दोन स्क्रीन जोडलेलं मोठं मशीन चालू केलं, पेनड्राइव्ह लावला, वर्गाचा फोटो उघडला आणि मेघानं दाखवलेल्या मुलीभोवती चौकट ओढली.

"इथं तर काहीच नाय, मावशी. कागदच झिजलाय. पण आता बघा हां कमाल."

पडद्यावर एक गोल फिरू लागला. काउंटरवर वायर मोजून घेणारा माणूस थांबला. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला आणि मग तोही थांबला.

चेहरा वरून खाली उतरत आला. आधी भांग, मग कपाळ. मग भुवया, एकेक केस दिसावा अशा. मग डोळे, आणि त्या डोळ्यांत खिडकीचा उजेड, जी खिडकी त्या शाळेच्या मैदानात कुठंच नव्हती. गाल, नाकपुड्या, आणि शेवटी ओठ उघडून हसलेली, पांढऱ्या दातांची अख्खी ओळ.

"अरे वा," वायरवाला म्हणाला.

मेघानं तोंडावर हात ठेवला. "आत्या... तुमच्यावर गेलीया."

मुक्ताबाई बोलली नाही. दुकानदाराला नवल वाटलं नाही, त्याची गिऱ्हाइकं या जागी पोहोचली की गप्प होत असत. मेघाला मात्र वाटलं. तिनं वळून बघितलं.

"दात," मुक्ताबाई म्हणाली.

"काय आत्या?"

"म्होरचे दोन दात पडल्याले व्हते तिचे. फोटोच्या आधीच. पत्र्यावर मी फेकले." तिनं सोमनाथकडे बघितलं. "हे कुठून आणले?"

"मावशी, मशीन अंदाजानं भरतं. जिथं काय नसतं तिथं."

"कुणाच्या अंदाजानं?"

"त्यानं लाखो चेहरे बघितलेले असतात ना. मग त्याला समजतं, हितं काय असंल."

"माझ्या पोरीला कवा बघितलं त्यानं?"

सोमनाथ हसायला गेला आणि त्यानं हसू गिळलं. "दात काय, काढून टाकता येतील. बत्तीशी नको तर नको."

मुक्ताबाई दारापाशी गेली आणि तिथल्या स्टुलावर बसली. रस्त्यावरच्या उन्हाला पाठ केली. डोळे मिटले.

रोज डोळे मिटले की सरिता येई. ती पुरती अशी कधी येतच नसे. तेल लावलेल्या केसांचा वास येई, भांग काढताना मान आखडून धरायची सवय येई, हसताना त्या दोन दातांच्या फटीतून डोकावणारं जिभेचं टोक येई. जुळवत जुळवत पोर उभी राही. आज डोळे मिटल्याबरोबर चेहरा आला, एका झटक्यात, सगळाच्या सगळा. पांढऱ्या दातांचा. तो हलत नव्हता. मुक्ताबाईनं डोळे उघडले, पदरानं पुसले, पुन्हा मिटले. तीच. डोळ्यांत खिडकीचा उजेड घेऊन आलेली कुणीतरी मुलगी तिच्या मिटल्या पापण्यांआड शिरून बसली होती, आणि तिच्या पाठीमागं दुसरी एक उभी होती, लहानशी, जिला पुढं यायला वाट मिळत नव्हती.

तिनं नंतर डोळे मिटायचं धाडस केलं नाही.

"आत्या," मेघाचा आवाज आला. "जरा हिकडं या."

सासूचं बिनसलं की काही वेळ तिच्या वाटेला जायचं नाही, हे मेघा पहिल्या वर्षातच शिकली होती. तेवढ्या वेळात ती दुसऱ्या स्क्रीनपाशी गेली होती. हात आपसूक माऊसवर गेला होता. वर्गाचा फोटो त्या स्क्रीनवरही होता. जुने रंगीत फोटो पडतात तसा लाल पडलेला. घरच्या पिवळ्या पडद्यावर तो नुसता मातकट दिसे, आणि मेघानं आजवर त्यातली एकच मुलगी कापून मोठी केली होती. इथं मात्र तो लाल किती आहे ते मोजून दाखवल्यासारखं दिसत होतं. तिनं सवयीनं तो उतरवायला घेतला होता. एक पट्टी सरकवली, मग दुसरी. मैदानाची माती मातीच्या रंगाची झाली. भिंत चुन्याची झाली. पोरींच्या रिबिनी एकेक करून लाल झाल्या. आणि एक झाली नाही.

"कडंच्या ह्या पोरीची एक रिबीन येगळी हाय," मेघा म्हणाली. "आधी वाटलं माझंच चुकलं. पण बाकीच्या सगळ्या बरोबर येतात. ही एकच..."

पहिल्या रांगेच्या अगदी डाव्या टोकाला, फोटोच्या कडेनं अर्धा हात कापलेला, अशी एक मुलगी मांडी घालून बसली होती. तिनं नेमकी मान फिरवली होती, फोटोच्या बाहेर, डावीकडे वर. तिचा चेहरा उमटलाच नव्हता. कुणी ओल्या शाईवरून हात ओढावा तसा तो फरफटला होता. मान फिरल्यानं मागची वेणीही पुढं आली होती, आणि दोन्ही वेण्या तेवढ्या स्पष्ट होत्या. एका वेणीला लाल. दुसरीला...

"हिरवी हाय ती," मुक्ताबाई म्हणाली.

"तुम्हाला काय म्हाईत?"

"माझ्या लुगड्याची हाय."

मेघाचा हात माऊसवरून निघाला.

"त्या रोजी एक रिबीन सापडंना," मुक्ताबाई पडद्याकडे बघत म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, भाजीवालीशी बोलावं तसा. "फोटो हाय म्हणून रडाया लागली. हिरव्या लुगड्याचा काठ फाडला अन् बांधला. म्हणलं, जा, कोण बघतंय. बाईंनी बोट ठेवलं तवा... कुठं बघितलं मी."

"म्हंजी ती दुसऱ्या रांगेतली..."

"असंल कुणाची तरी." तिनं आपला उजवा अंगठा बघितला आणि तो मुठीत घेतला. "कुणाची तरी पोर झिजवली मी. येवढी वर्सं."

सोमनाथ मध्ये पडला नाही, यावरून त्याला अक्कल होती म्हणावं लागेल. पण दुकानदार तो दुकानदारच. थोडं थांबून त्यानं चौकट ओढायचं बटण दाबलं आणि चौकट कडेच्या मुलीपाशी आणली.

"मावशी, सापडली ना. आता हिचा काढू. दात बित सगळं तुम्ही सांगाल तसं."

"हात लावू नको."

"पण कार्डाबिगर हिचा चेहरा निघायचा नाय. तोंड हललंय हिचं."

"हाक मारल्यावर हलतं माणूस," मुक्ताबाई म्हणाली.

"कुणी मारली हाक?"

मेघानं मान खाली घातली. तिला ती गोष्ट पाठ होती, आणि सासू आज पहिल्यांदा ती सांगत नव्हती.

कोणता स्क्रीन चांगला, ते मुक्ताबाईनं मग आपल्या पद्धतीनं बघितलं. ती समोरून हटली. काउंटरला वळसा घालून डाव्या बाजूला, भिंतीला लागून ठेवलेल्या खोक्यांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली, जिथं उभं राहून कुणी गिऱ्हाईक स्क्रीन बघत नाही. तिथून दोन्ही पडदे तिरके दिसत होते. अलीकडच्यावर ती पांढऱ्या दातांची मुलगी होती. तिथून तिचे डोळे खोबणीसारखे काळे पडले होते आणि दात करडे. माणूस जळाल्यावर दिसतो तशी ती दिसत होती. पलीकडच्या पडद्यावर अख्खा वर्ग जागच्या जागी होता. माती मातीची. लाल ते लाल. आणि टोकाची ती पोर, चेहरा नसलेली, मान वळवून सरळ त्या फटीकडे बघत होती.

"त्यो आयपीएस स्क्रीन आहे मावशी," सोमनाथ म्हणाला. "बाजूनं बघितलं तरी रंग जात नाय. कुठूनही बघा."

मुक्ताबाई किती तरी वेळ तिथून निघाली नाही. तिचा एक हात भिंतीवर होता, बांबूचा आधार धरावा तसा.

"ह्योच बांध," ती शेवटी म्हणाली.

"आणि कार्ड?"

"ते तुझ्या त्या लाख तोंडांना घाल."

मेघानं काही तरी बोलायला तोंड उघडलं. मुक्ताबाईनं तिला बोलू दिलं नाही. "तुझ्या कामाला ह्योच लागत व्हता ना? तोंडात मूग धरून बसली व्हतीस. घरी चल, मंग सांगते तुला."

सोमनाथनं चौकट पुसली. पेनड्राइव्ह काढायच्या आधी त्यानं विचारलं, "हा पहिला चेहरा सेव्ह करून देऊ का? असू द्या आपला."

"नको," मुक्ताबाई म्हणाली. मग पायरीवरून मागं वळून, "पूस. पण नीट पूस. ती लेकरू हाय कुणाचं तरी."

---

रिक्षात खोकं तिनं मांडीवर घेतलं. मागं ठेवू दिलं नाही. जालना रोडवर धक्के बसले की ती दोन्ही हातांनी ते छातीशी धरी.

पाळीवरून आलेल्या संघपालनं नवा स्क्रीन बघितला आणि कपाळाला हात लावला.

"कार्ड घ्यायचं ठरलं व्हतं."

"तुझं ठरलं व्हतं."

"मंग अक्काचा फोटो?"

"हाय तसा हाय."

त्यानं मेघाकडे बघितलं. मेघानं मानेनंच 'नंतर' म्हटलं, आणि तो हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघानं धोंडिबाच्या बापाला पुन्हा उघडलं. म्हातारा काळा होता, उन्हात रापलेल्या माणसाचा काळा, गालांच्या वर थोडा तांबूस. मेघानं त्याच्या गालांवर फार वेळ काढला नाही. मुक्ताबाईनं सवयीनं पदराचं टोक जिभेला लावलं, पडद्यापाशी वाकली आणि तशीच थांबली. कपाळ मोकळं होतं. टेकवलेलं बोट उचललं गेलं होतं.

"आता दिसतोय माणूस," ती म्हणाली. "कोट काढ त्याचा."

"आत्या, घरच्यांनी..."

"मी सांगते घरच्यांना."

ती फाइल बंद झाल्यावर मेघा घुटमळली. मग न विचारता तिनं वर्गाचा फोटो उघडला. तो पडदाभर पसरला; मैदान, चुन्याची भिंत, लाल रिबिनी, आणि एक हिरवी.

"छापून आणू का, आत्या? खिळा रिकामाच हाय. तेवढी कडंची कापून..."

"कापू नको. अख्खा वर्ग लाव."

"येवढा?"

"ती दुसरी कुठं जाईल मंग?" मुक्ताबाई म्हणाली. "तिला आता तोंडबी नाय. कोण वळखंल तिला."

मेघानं मान हलवली. दोघी काही वेळ त्या सगळ्या पोरींकडे बघत राहिल्या. त्यांतल्या बऱ्याचशा आता कुठंतरी आज्या असतील. एक नव्हती. आणि एकीचं काय झालं, ते या घराला माहीत नव्हतं.

मेघा चहा ठेवायला आत गेली. पडदा उजळलेलाच होता. स्टोव्हवर आधण उकळायला लागलं तेव्हा तिला बाहेर प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. कप घेऊन ती दारात आली.

खाट रिकामी होती. मुक्ताबाईनं खुर्ची टेबलाच्या डाव्या बाजूला, भिंत आणि टेबल यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत नेऊन ठेवली होती आणि ती तिच्यात बसली होती. गुडघे भिंतीला टेकत होते. तिथून पडद्याची कड तेवढी दिसत असणार.

"आत्या, तिथून तुम्हाला काय दिसतंय?" मेघा म्हणाली. "समोर बसा की."

"मला ऱ्हाऊ दे," मुक्ताबाई म्हणाली.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, आणि ताठ बसली.